टाका खंयय

मोपा विमानतळाच्या रस्त्यावर रसवाल्याने पारदर्शक ग्लास हातात ठेवला आणि वर हमी दिली, “प्लॅस्टिक न्हय, मक्याचो. टाका खंयय.” ग्लासाबद्दल माझी तक्रार नव्हती. खटकलं ते ‘खंयय’, म्हणजे ‘कुठेही’.

प्लॅस्टिकबंदीचे पाढे सगळ्यांना पाठ आहेत, ते राहू देत. मक्याचा ग्लास म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, पीएलए. ते कुजतं, पण 58 अंशांच्या आसपास तापलेल्या, ओल्या खतप्रकल्पात. मोपाच्या सड्यावर किंवा शापोऱ्याच्या पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. कुजू शकणं हा पदार्थाचा गुण झाला. प्रत्यक्ष कुजणं जागेवर ठरतं.

डिचोलीच्या माझ्या एका मित्राला ही सगळी उठाठेवच अमान्य. “पत्रावळीला कधी रसायनशास्त्रज्ञ लागला?” असं विचारून तो गप्प बसतो, जणू खटला निकालात निघाला. पण पत्रावळीने जखम शिवता येत नाही. पीएलएच्याच कुळातले, लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचे विरघळणारे टाके 1970 च्या दशकापासून वापरात आहेत, त्यांचं काय?

इथे जरा आडवाटेने जातो, कारण कारागिरी पाहण्यासारखी आहे. लॅक्टिक आम्लाचे रेणू थेट जोडत गेलं की प्रत्येक जोडणीला पाणी सुटतं, आणि तेच पाणी साखळी लांबू देत नाही. म्हणून आधी आखूड साखळ्या तापवून दोन-दोन घटकांची कडी बनवतात, ती म्हणजे लॅक्टाइड. मग कथिलाच्या उत्प्रेरकाने कडी उघडून लांब साखळी गुंफतात. तीत दुसरा पदार्थही घालता येतो: वळेसरात वीतभर अबोली, मग वीतभर शेवंती, तसा. पॉलिइथिलिन ग्लायकॉलच्या टोकांपासून लॅक्टाइड वाढवलं तर मधला तुकडा पाणी आत ओढतो आणि विघटनाला वेग येतो. कॅप्रोलॅक्टोनचा तुकडा लवचीकपणा देतो. मात्र तो आधी गुंफायचा, लॅक्टाइड नंतर. क्रम उलटा केला की तुकडे नीट वेगळे राहत नाहीत. तापमान फार वाढवलं, वेळ लांबवला, तरी साखळ्या आपसांत दुवे बदलतात आणि सगळी सरमिसळ होते.

म्हणजे तुकड्यांची लांबी नि क्रम ठरवून आयुष्य बरंचसं ठरवता येतं. मग सड्यावरच्या पावसात विरेल असा ग्लास का करू नये? मी याच बाजूने लिहायला बसलो होतो. पण गोव्याच्या पावसात विरणारा ग्लास गोव्याच्या दमट गोदामातही विरू लागेल! टाक्यांना ही अडचण नाही: कोरड्या, बंद पाकिटातून ते थेट शरीरात जातात, आणि तिथलं 37 अंश तापमान नि ओल आधीच माहीत असते. रस्त्याकडेला यातलं काहीच ठरलेलं नसतं.

प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्या मालाला रुग्णालयं मिळोत, खतप्रकल्पाला जोडलेली उपाहारगृहं मिळोत. रसवाल्याला मात्र काचेचे ग्लास आणि विसळायला बादलीभर पाणी पुरे. एवढ्यापुरता डिचोलीकर जिंकला, जरी त्याचं कारण मला अजून पटलेलं नाही.