ऋण कोणाचे?

मराठीत ‘कर्ज’ आणि ‘ऋण’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचा संसार वेगळा आहे. पतपेढीतून काढलेले ते कर्ज. आईबापांचे, गुरूचे, गावाचे असते ते ऋण. कर्ज हप्त्याहप्त्याने फिटते आणि फिटल्याचा दाखला मिळतो. ऋण फिटत नाही, आणि ते फिटून जावे अशी सज्जनाची इच्छाही नसते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो असे आपल्या परंपरेने मानले, ते याच अर्थाने. बाजारात हा भेद कोणी विसरत नाही. घरात मात्र तो पुसट होतो; कारण ज्या माणसाशी प्रेमाचे नाते, त्याच्याशीच तेथे पैशाचाही व्यवहार असतो.

हा प्रश्न आज आम्ही एका नव्या परिस्थितीच्या निमित्ताने घेत आहोत. विवाहावाचून एका घरात राहणारी जोडपी आता आपल्या शहरांतही आढळतात. असे राहणे योग्य की अयोग्य, याविषयी आमच्या वाचकांत मतभेद आहेत व राहतील. तो वाद आज आम्ही बाजूस ठेवतो. दोन माणसे एका चुलीवर जेवू लागली की त्यांच्यात न्याय किंवा अन्याय घडतोच, आणि ही मुले परक्यांची नाहीत, आपल्याच घरांतली आहेत.

अशा एका घराची कल्पना करावी. त्याला महिना साठ हजार मिळतात, तिला तीस हजार. घरभाडे अठरा हजार. ‘बरोबरीचे नाते’ म्हणून दोघे नऊ नऊ हजार देतात. त्याच्यावर पूर्वीचे एक कर्ज आहे. ते त्याने तिला सांगितलेले नाही. पुढे घरसामानासाठी म्हणून तीन लाखांचे नवे कर्ज निघते. त्यातले निम्मे त्याच्या जुन्या देण्यात जाते. त्याची पत बिघडलेली, म्हणून कागदावर तिचीही सही होते. दोन वर्षांनी तो घर सोडून जातो. हप्ता मात्र मागे राहतो. ती तो भरते आणि मनाशी म्हणते, ‘त्यानेही माझ्यासाठी पुष्कळ केले होते.’ ती फेडीत आहे ते कर्ज की ऋण? आणि कोणाचे?

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचे प्रकरण आहे. पतीने केलेले कर्ज पत्नीने फेडावे असे नाही, पत्नीने केलेले पतीने फेडावे असेही नाही. मुख्य अपवाद हा, की ते कुटुंबासाठी घेतलेले असले पाहिजे. याखेरीज स्त्रीने जे देणे स्वतः मान्य केले, जे पतीसह केले किंवा जे स्वतः केले, तेवढेच तिने द्यावे. मद्यासाठी वा द्यूतासाठी बापाने केलेले कर्ज तर मुलानेही देऊ नये. नात्याची जवळीक किती, हे येथे पाहिलेलेच नाही. पाहिल्या आहेत त्या दोन गोष्टी: कर्ज कोणासाठी घेतले, आणि कोणाच्या मान्यतेने घेतले.

गोमंतकातील वाचकांस या कसोट्या ओळखीच्या वाटतील. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० साली गोव्यात लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिच्यातील कुटुंबविषयक व्यवस्था टिकून राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नी एकमेकांच्या संपत्तीत निम्म्याचे धनी होतात. परंतु कर्ज दोघांच्या संमतीने झाले की एकट्याने केले, आणि ते दोघांच्या हितासाठी खर्चले की नाही, हा भेद त्या संहितेनेही केला आहे. भाषा निराळी, समुद्रापलीकडची, कसोट्या त्याच.

विवाहित जोडप्यास निदान अशी एखादी चौकट जन्माला येतानाच मिळते. त्यांनी बोलून ठरविले नाही तरी कायदा आणि रूढी त्यांच्या वतीने काही ठरवून ठेवतात. विवाहावाचून राहणाऱ्यांस ही चौकट नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीस संरक्षण दिले. असे नाते कशावरून ओळखावे हे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ज्या खुणा दिल्या, त्यांत दोघांनी आपला पैसा एकत्र केला होता का, हीही एक आहे. पण गोव्यातील विवाहितेचा निम्मा हिस्सा अशा स्त्रीस आपोआप मिळत नाही. उलट सावकाराचा हक्क मात्र पूर्ण असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोघांनी मिळून घेतलेले कर्ज दोघांपैकी कोणा एकाकडून सगळेच्या सगळे मागता येते, आणि जामीनदाराची जबाबदारी, वेगळे ठरले नसेल तर, ऋणकोइतकीच असते. ‘माझे अर्धेच’ हे बँकेपुढे चालत नाही. दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क कायदा देतो. पण आधी भरावे लागते, मग निघून गेलेल्याला शोधावे लागते.

तेव्हा आमच्या कल्पनेतील त्या घराचा न्याय कसा करावा? घरसामानासाठी गेलेले दीड लाख दोघांचे. जुन्या देण्यात गेलेले दीड लाख त्याचे. सहीमुळे बँकेच्या दारात तिची जबाबदारी सगळ्याची झाली, हे खरे. परंतु जे तिला सांगितलेच नाही, ते तिने मान्य केले असे धर्माच्या दारात म्हणता येणार नाही. खरा अपराध कर्ज असण्याचा नाही, ते लपविण्याचा आहे. भाड्याचेही तसेच. नऊ हजार म्हणजे त्याच्या मिळकतीचा सहावा भागही नाही. तिच्या मिळकतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मिळकतीच्या प्रमाणात वाटले तर त्याचे बारा हजार, तिचे सहा हजार. शिवाय स्वयंपाक, बाजारहाट, धुणीभांडी एकाच्याच अंगावर असतील, तर तेही वर्गणीतच धरले पाहिजे. आकडे सारखे असले म्हणजे भार सारखा होतोच असे नाही.

कोणी म्हणेल, जेथे प्रेम आहे तेथे हिशेब कसला? या आक्षेपाला वजन आहे. वाटीभर साखरेचीही नोंद ठेवणारे घर आम्हांसही घर वाटणार नाही. परंतु देवस्थानाचा वार्षिक जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे मांडला जातो, तेव्हा देवावरची श्रद्धा उणी झाली असे कोणी म्हणत नाही. उलट ज्या वर्षी तो मांडला जात नाही, त्या वर्षी कुजबुज सुरू होते. उघडा हिशेब हा अविश्वासाचा पुरावा नसतो. विश्वास त्याच्या आधाराने टिकतो.

तुकोबांची एक गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र सांगताना पुष्कळदा गळून जातो. परंपरा सांगते की आधी त्यांनी खतांची वाटणी केली, निम्मी धाकटे बंधू कान्होबांच्या स्वाधीन केली आणि मग आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. एवढ्या विरक्त पुरुषानेही भावाच्या वाट्यावर औदार्य केले नाही. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे सोपे असते. आणि दुसऱ्याच्या सहीवर आपले देणे भागविणे त्याहून सोपे.

यास्तव एकत्र राहू इच्छिणाऱ्यांस, ते विवाहित असोत वा नसोत, आमचे सांगणे थोडके आहे. घरात पाऊल टाकण्यापूर्वी जुनी देणी एकमेकांस सांगावीत. नवे कर्ज कशासाठी आणि कोणाचा वाटा किती, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही करावी. आणि तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीने संकोचत विचारले, ‘असे लिहून मागणे बरे दिसेल का?’ तर वडीलधाऱ्यांनी तिला निःसंकोच ‘हो’ म्हणावे. कर्जाचा हिशेब चोख राहिला, तर आजारपणात काढलेल्या रात्री, अडचणीत दिलेला धीर, या गोष्टींचा हिशेब कोणी मागणार नाही. ते ऋण तसेच राहू द्यावे.