न धावल्याचा प्रत्यवाय

कॅनडातल्या मिल्टन गावात एक जुनी दफनभूमी आहे. एड व्हिटलॉक नावाचे शिडशिडीत, पांढऱ्या केसांचे निवृत्त खाण-अभियंते कित्येक वर्षं तिथे जात असत, पण फुलं वाहायला नव्हे. थडग्यांमधून वळत जाणाऱ्या छोट्याशा वाटेवर ते धावत फेऱ्या मारायचे, कधी कधी सलग तीन तास. फेऱ्या मोजायच्या नाहीत, घड्याळात ठरलेला वेळ भरला की घरी परतायचं. हीच जागा का, तर घराजवळ आहे, गाड्यांची वर्दळ नाही आणि पाय दुखावलाच तर लंगडत घर गाठता येतं. 2003 साली, वयाच्या 72व्या वर्षी, त्यांनी टोरांटोत 42.195 किलोमीटरची मॅरेथॉन 2 तास 59 मिनिटं 10 सेकंदांत पूर्ण केली. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं तीन तासांच्या आत ती धावण्याची जगातली ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी चार-साडेचार मिनिटं कापली.

स्मशानवैराग्य हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला या चित्रात लगेच अर्थ दिसू लागतो. मृत्यूला रोज प्रदक्षिणा घालणारा वृद्ध साधक, वगैरे. व्हिटलॉक यांनी असल्या अर्थाला कधी थारा दिला नाही. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये धावत, मग ते सुटलं आणि चाळिशीत पुन्हा सुरू झालं. आपल्याला विक्रम करायला आवडतात, हे ते सरळ सांगत. धावताना समाधी लागते, मेंदूत आनंद पाझरतो, असल्या गोष्टी त्यांच्या तोंडी नसत. सराव त्यांना कंटाळवाणा वाटे आणि तसं ते बोलूनही दाखवत.

मग कंटाळा येत असताना ते रोज का जायचे? निव्वळ विक्रमासाठी, हे उत्तर अपुरं आहे. विक्रम वर्षातून एखाद्या दिवशी होणार, उरलेले सगळे दिवस थडग्यांभोवती जाणार.

आपल्या परंपरेनं या वयासाठी वेगळाच कार्यक्रम आखून ठेवला होता. गृहस्थाला स्वतःच्या अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाच्या पोटी मूल दिसलं की त्यानं वनाची वाट धरावी, असं मनुस्मृती सांगते. हल्ली याच तीन खुणा दिसल्या की माणूस बुटांच्या दुकानाची वाट धरतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये किंवा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढत जाणाऱ्या 21 किलोमीटरच्या शर्यतीत पांढऱ्या केसांची माणसं उठून दिसतात. त्यांतल्या काहींनी पन्नाशीपर्यंत बस पकडण्यापलीकडे कधी धाव घेतलेली नसते. एखाद्या कीर्तनकाराला इथे चांगला दृष्टान्त सापडेल. देह सोडायची तयारी करायच्या वयात हे देहालाच पॉलिश करत बसलेत!

आक्षेप खोटा नाही. मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके बघत चालणारा साठीचा माणूस देहात अडकलेला दिसतो, आणि पुष्कळदा असतोही. यावर ठरलेलं उत्तर म्हणून कालिदासाला पुढे केलं जातं. शरीर हेच धर्माचं पहिलं साधन, हे ‘कुमारसंभवा’तलं वचन व्यायामशाळेच्या प्रत्येक उद्घाटनात ऐकू येतं. ते कुठे आलंय, हे सांगायला मात्र वक्ते विसरतात. बटूच्या वेशात आलेला शंकर उग्र तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो, की तू आपल्या शक्तीला झेपेल एवढंच तप करते आहेस ना? त्या ओघात हे वचन येतं. म्हणजे ते अतिरेकाबद्दलचं प्रेमळ बजावणं आहे. पन्नाशीत पहिल्यांदा धावू लागलेल्या माणसानं ते या अर्थानं घेतलं, तर त्याचं भलंच होईल. दम काही आठवड्यांत वाढतो, पण पोटऱ्यांच्या आणि टाचेच्या स्नायुबंधांना तयार व्हायला महिनोन्महिने लागतात. उत्साही नवशिके नेमके याच दोन मुदतींच्या मधल्या दरीत पडतात.

या धावण्याला खरा आधार मात्र काव्यात शोधण्यापेक्षा मीमांसकांच्या रूक्ष वर्गवारीत शोधावा. कर्मं तीन प्रकारची, असं ते मानतात. काही हवं म्हणून केलेलं ते काम्य, जसा पावसासाठी केलेला यज्ञ. निमित्तानं करायचं ते नैमित्तिक, जसं ग्रहणातलं स्नान. आणि रोज करायचं ते नित्य, जशी संध्या किंवा अग्निहोत्र. नित्यकर्माची गंमत अशी, की ते केल्यानं स्वर्ग वा पुत्र असं वेगळं फळ मिळत नाही. न केल्यानं मात्र दोष लागतो, आणि त्या दोषाला शास्त्रात ‘प्रत्यवाय’ म्हणतात. आधुनिक मनाला हा व्यवहार अन्यायाचा वाटतो. नफा नाहीच, नुसता दंड!

साठीनंतर धावणाऱ्याला तो अजिबात परका वाटू नये. उशिरा सुरुवात करणाऱ्याला पहिली काही वर्षं काम्यकर्माची गोडी मिळते. बाकी सगळं उतरणीला लागलेलं असताना हा एक आलेख चढत जातो, दर शर्यतीत काही मिनिटं वाचतात आणि माणूस जावयापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना आकडे ऐकवू लागतो. मग एके वर्षी वेळ वाढतो, पुढच्या वर्षी आणखी वाढतो. सराव तेवढाच, पहाटेचा गजर तोच, फळ मात्र आटत जाणारं. तेव्हा बरेच जण सोडून देतात. जे उरतात त्यांना हळूहळू कळतं, की आता धावण्यानं काही वाढणार नाही, पण महिनाभर खंड पडला तर जे जाईल ते परत मिळवताना नाकी नऊ येतील.

न करण्याचा हा दंड एकदा प्रयोगशाळेत मोजला गेला आहे. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता त्या काळात झपाट्यानं घसरली. तीस वर्षांनी, 1996 साली, तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तोवर वजनं वाढली होती, पोटं सुटली होती. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयानं केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यापेक्षा कमी भरलं. मग सहा महिने चालणं, हलकं धावणं, सायकल असा बेताबेतानं वाढवत नेलेला व्यायाम दिल्यावर वयानं गेलेली ही क्षमता सरासरीनं पुरती भरून आली. माणसं पाचच होती, हे विसरू नये. पण हे वाचून एखादा याज्ञिक समाधानानं मान डोलावेल.

शंकराचार्यांनी डोलावली नसती. प्रत्यवायाच्या कल्पनेवर त्यांचा आक्षेप मुळातला आहे. न करणं म्हणजे अभाव, आणि अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट निघेल कशी? तैत्तिरीयोपनिषदाच्या भाष्यात ते या कोड्याची उकल देतात. नित्यकर्म न केल्यानं पाप नव्यानं तयार होत नाही, ते टळणं हे आधीपासून साचलेल्या पापाचं लक्षण असतं. ‘पापा’च्या जागी ‘जरा’ ठेवून पाहिलं, तर धावण्याच्या बाबतीत हे अर्धं लागू पडतं. तीन आठवडे पडून राहिल्यानं म्हातारपण बाहेरून येत नाही. ते आत येऊन बसलेलंच असतं, रोजचं धावणं थांबलं की दिसू लागतं. उरलेलं अर्धं मात्र लागू पडत नाही. डॅलसचे ते पाच जण विशीत होते, त्यांच्यात साचलेली जरा कुठली? तिथे न करण्यानंच काहीतरी घडवलं. या एका मुद्द्यावर मीमांसकांचं पारडं जड आहे.

सगळ्यांचं धावणं नित्यकर्म असतं, असं नाही. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते आणि शर्यतीला बक्षीस होतं, एवढंच कारण. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केलं. हे शुद्ध काम्यकर्म, आणि त्याला कमी लेखणारं तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचं समजावं.

फौजा सिंग यांचं प्रकरण मात्र कुठल्याच खणात नीट बसत नाही. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचा हा शेतकरी. लहानपणी पाय इतके काटकुळे, की पाच वर्षांचा होईपर्यंत चालता येत नव्हतं. उतारवयात पत्नी गेली आणि 1994 मध्ये मुलगा कुलदीप डोळ्यांदेखत अपघातात गेला. लंडनच्या इलफर्ड भागात दुसऱ्या मुलाकडे राहत असताना, भाषा येत नाही, करायला काही नाही आणि दुःख तर हटत नाही, अशा अवस्थेत ते धावू लागले. 2000 साली लंडन मॅरेथॉनमध्ये ते पहिल्यांदा उतरले तेव्हा पासपोर्टप्रमाणे 89 वर्षांचे होते. वेळ लागला 6 तास 54 मिनिटं. ही धाव अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीकरता होती. तीन वर्षांनी टोरांटोत त्यांनी 5 तास 40 मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्याच दिवशी, त्याच शर्यतीत, व्हिटलॉक तीन तासांच्या आत आले होते.

2011 मध्ये शंभराव्या वर्षी फौजा सिंग यांनी पुन्हा टोरांटोतच आठ तासांहून थोड्या अधिक वेळात मॅरेथॉन पुरी केली. गिनीज बुकानं तिची नोंद घेतली नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. 1911 सालच्या पंजाबातल्या खेड्यात तो असणार तरी कसा?

त्यांचं धावणं शोकातून आलं, म्हणून त्याला निमित्त होतं. त्यातून सेवा घडली, म्हणून फळही होतं, पण ते दुसऱ्याच्या पदरात पडलं. मॅरेथॉनचे पहिले वीस मैल काही कठीण नसतात, शेवटच्या सहा मैलांत आपण देवाशी बोलत धावतो, असं ते सांगत. मराठी कानाला यात वेगळं काही ऐकू येतं, कारण आपल्याकडे देवाला आर्ततेनं हाक मारणं म्हणजेच ‘धावा’ करणं. माउलींची पालखी वेळापूरजवळ येते, तिथल्या उतारावरून वारकरी धावत सुटतात, त्यालाही धावाच म्हणतात. इथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत निघाले, अशी श्रद्धा आहे. त्या उतारावर सत्तरीच्या बायाही पदर खोचून धावतात. आळंदीहून दोन-अडीच आठवडे चालून आलेल्या त्या पायांना तेव्हा कुणी वय विचारत नाही.

व्हिटलॉक यांनी ऑक्टोबर 2016 मध्ये, 85व्या वर्षी, चार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली आणि पाच महिन्यांनी कर्करोगानं ते गेले. फौजा सिंग 2013 साली हाँगकाँगच्या 10 किलोमीटरच्या शर्यतीनंतर स्पर्धांतून निवृत्त झाले. चालणं त्यांनी सोडलं नाही. 14 जुलै 2025 रोजी ब्यास पिंडमध्ये एका मोटारीनं त्यांना उडवलं. दुपारची वेळ होती, आणि ते नेहमीप्रमाणे पाय मोकळे करायला घराबाहेर पडले होते.