कॅमेरा घेऊन वानप्रस्थ

सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड झालं की गृहस्थाने वनात जावं, असं मनुस्मृती सांगते. शाळेतून निवृत्त झालो आणि मोठी लेन्स घेतली, तेव्हा घाटंजीतले मित्र म्हणाले, ‘सर वानप्रस्थाला निघाले.’ मला तो शब्द लागून राहिला. हाव सोडायला ज्या वनात जायचं, तिथे फोटोची हाव घेऊन गेलं तर ते वानप्रस्थ कसलं?

टिपेश्वर आम्हाला घरचं. 1997 साली अभयारण्य झालेल्या या सागवानी जंगलाचा काही भाग आमच्याच तालुक्यात येतो. उन्हाळ्यात वाघीण पाणवठ्यावर येते, पाठमोरी होते, आधी मागचे पाय पाण्यात टाकते आणि सावकाश बसते. नजर मात्र समोर. कान सारखे हलत असतात. ते आमच्या गाडीकडे वळून तिथेच थांबले, की शटरवरचं बोट मी काढून घेतो. एकदा ती वाटेतच थबकली, तेव्हा गाईड म्हणाला, ‘सर, गाडी मांगं घेऊ. तिले पाण्यावर जायचं हाये.’ गाडी मागे गेली, फ्रेम गेली. माझ्या मते साधना ती हीच. महावीरांचा अपरिग्रह घरातल्या वस्तूंपाशी संपत नाही. दृश्यांचाही साठा होतो, आणि त्याचीही भूक वाढत जाते.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत शिकारी नव्हते, हौसेने वाघ बघायला आलेली माणसं होती. म्हणूनच ती गोष्ट मला जास्त लागते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची वाट आपण अडवत असू, तर ते प्रेम स्वतःवरचंच. आणि हाच वाघ आमच्याकडच्या कापूसवाल्याच्या धुऱ्यावर येतो, तेव्हा त्या शेतकऱ्याला लेन्स आठवत नाही, रानात गेलेली बायको आठवते. त्याची भीती बाजूला सारून काढलेल्या फोटोला मी भक्ती म्हणणार नाही.

निवृत्तांनो, कॅमेरा जरूर घ्या. पण गाडीत बसतानाच गाईडला सांगा, ‘जवळ नेऊ नका.’ आणि फोटो मोबाईलवर पाठवताना पाणवठ्याचं नाव लिहू नका; ते वाचणाऱ्यांत फास लावणारेही असू शकतात. 2025 मध्ये टिपेश्वरच्याच एका वाघिणीच्या गळ्यात तारेचा फास रुतलेला होता.