चुकीच्या पर्यायाचं कारण

परीक्षा द्यायची ठरली की खऱ्या अभ्यासाआधी आणखी एक अभ्यास करावा लागतो, तो म्हणजे पुस्तक कोणतं घ्यायचं याचा. संगणक-नेटवर्किंगच्या क्षेत्रात पाय ठेवू पाहणारी मुलंमुली सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची तयारी करतात. ही परीक्षा १९९८पासून चालत आली आहे, त्यामुळे पुस्तकांना तोटा नाही. वेंडेल ओडम यांचं सिस्को प्रेसचं दोन खंडांचं अधिकृत गाईड आहे, टॉड लॅमल यांचं आहे, शिवाय व्हिडिओ आहेत, प्रश्नसंच आहेत, क्लासच्या नोट्स आहेत. चांगलं कोणतं?

पहिली चाळणी सोपी आहे. सध्याची २००-३०१ ही परीक्षा फेब्रुवारी २०२०मध्ये आली आणि ऑगस्ट २०२४मध्ये तिची १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली. त्यात यंत्रशिक्षणासारखे विषय नव्याने आले. २०२०च्या आधीच्या पुस्तकांत रिप आणि ईआयजीआरपी या प्रोटोकॉलांवर बरीच पानं खर्ची पडत. आता राउटिंग प्रोटोकॉलांमध्ये भर एकट्या ओएसपीएफवर आहे. अभ्यासक्रमाची यादी सिस्को फुकट देते. कोणत्या भागाला किती वजन हेही त्यात असतं: आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, सुरक्षेला १५, ऑटोमेशनला १०. यादी एका हातात, अनुक्रमणिका दुसऱ्या हातात घेऊन खुणा करत गेलं की जुनं पुस्तक लगेच उघडं पडतं.

या चाळणीतून मात्र बरीच पुस्तकं सहीसलामत खाली उतरतात. खरी पारख पुढे आहे आणि ती प्रश्नाच्या उत्तरापाशी होते.

एक साधा प्रश्न घेऊ. १९२.१६८.१०.७०/२७ हा पत्ता कोणत्या नेटवर्कातला? पर्याय चार, शेवटचे आकडे अनुक्रमे ०, ३२, ६४ आणि ७०. एक पुस्तक मागच्या पानावर ‘उत्तर : क’ एवढंच छापतं. दुसरं रीत देतं: /२७ म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा २२४, २५६मधून तो वजा केला की ३२, म्हणून नेटवर्कं ०, ३२, ६४, ९६ अशी सुरू होतात, ७० हा ६४ आणि ९६ यांच्या मधे येतो, म्हणून ६४. तिसरं पुस्तक इथेच थांबत नाही. ज्यानं ० निवडलं त्याच्या डोक्यात अजून /२४ बसलं आहे. ज्यानं ३२ निवडलं त्याची गटांची मोजणी बरोबर होती, पण तो एक गट आधीच थांबला. आणि ज्यानं ७० निवडलं त्याची यंत्राचा पत्ता आणि नेटवर्कचा पत्ता यांत गल्लत झाली. तीन चुका, तीन वेगवेगळी माणसं, आणि तिघांनाही हे पुस्तक त्यांच्या जागी जाऊन गाठतं.

महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्या कुणाला ‘२१ अपेक्षित’ सांगावं लागत नाही. अपेक्षित प्रश्नसंचानं अनेकांची नाव पैलतीराला लावली आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सर्टिफिकेशनच्या बाजारात प्रश्नोत्तरं पाठ करण्याच्या याच सवयीचं टोकाचं रूप भेटतं. त्याला ‘डंप’ म्हणतात. परीक्षेतून बाहेर फुटलेले प्रश्न आणि पुढे नुसती उत्तरं. ते वापरणं सिस्कोच्या नियमांत बसत नाही, सापडल्यास प्रमाणपत्रही जाऊ शकतं. नियम बाजूला ठेवले तरी डंपात एक गोष्ट नसते: चुकणाऱ्यासाठी तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

नोकरीत गाठ पडते ती नेमकी चुकीशी. सुरळीत चाललेल्या नेटवर्कसाठी इंजिनिअरला कुणी फोन करत नाही. दोन राउटर एका तारेनं जोडलेले आहेत. एकावरून दुसऱ्याला पिंग जातं, उत्तर येतं. तरी ओएसपीएफमध्ये दोघं एकमेकांचे शेजारी होत नाहीत. तार ठीक, पत्ते ठीक, मग बिनसलं कुठे? एका बाजूला हॅलो संदेश दर १० सेकंदांनी जातो, दुसऱ्या बाजूला कुणीतरी तो ३०वर नेऊन ठेवला आहे. हे आकडे जुळल्याशिवाय ओएसपीएफ शेजार मानत नाही. ‘इथेरनेटवर हॅलो टायमर १० सेकंद, डेड टायमर ४० सेकंद’ हे पाठ असलेला माणूसही इथे अडू शकतो. ज्याच्या पुस्तकानं आकडा मुद्दाम बिघडवून काय होतं ते पाहायला लावलं, तो आधी टायमर तपासतो. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यामुळे असा बिघाड घरबसल्या करता येतो. तो करायला सांगणारं गाईड निम्म्याहून अधिक शिकवून जातं.

चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा बरोबर येतं. म्हणून ‘बरोबर आलं’ एवढा पुरावा पुरेसा नाही. बरोबर आलेल्या उत्तराकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही, आणि कच्चेपण तिथेच दडून राहतं. उरलेले तीन पर्याय का नाहीत, हे सांगता आलं तरच उत्तर आपलं.

तेव्हा पुस्तक घेताना सगळ्यात अवघड वाटणारं प्रकरण उघडू नये. जे आपल्याला येत नाही, त्यातलं कोणतंही स्पष्टीकरण विद्वत्तापूर्णच वाटणार. आपल्याला चांगलं येतं ते प्रकरण उघडावं, त्याचे प्रश्न सोडवावेत आणि बरोबर आलेल्या उत्तरांचीही स्पष्टीकरणं वाचावीत. तिथेही ‘अरे, हे असं का चुकतं ते आज कळलं’ असं एकदा तरी वाटलं, तर पैसे काढायला हरकत नाही.