रंग आधी, चमक नंतर

माण, ता. मुळशी

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. जुन्या सिटी व्हीटेकचं टॅपेट कव्हर लाल करायचं, त्यावरची उठावाची अक्षरं चमकवायची, आणि सगळं खंडेनवमीच्या आत. बेत झकास आहे. फक्त 'आधी बफिंग करून घेतो, मग टेप लावून स्प्रे मारतो' हे जे लिहिलंस ते उलटं आहे. ओतीव अक्षराच्या वळणावर टेपची कड कधी नीट बसत नाही, रंग खालून झिरपतोच. शिवाय आरशासारख्या केलेल्या धातूवर रंग धरत नाही. भोसरीच्या कारखान्यात आमच्या खात्यात अशा कामाची एकच रीत होती: आधी सरसकट रंग, मग उंच भाग घासून उघडा. दुरंगी अलॉय व्हील बघ. पूर्ण चाक रंगवतात आणि मग मशीनवर वरचा पापुद्रा कापून आतला धातू बाहेर काढतात. बाइकच्या काळ्या इंजिनावर फिन्सच्या कडा चकाकतात, त्याही तशाच.

हा शौक तुझ्या पिढीचा नाही बरं. जॅग्वारचं एक्सके इंजिन १९४८ साली आलं ते कव्हरं पॉलिश करूनच. बॉनेट उघडल्यावर माणूस बघत राहिला पाहिजे असा कंपनीच्या मालकाचाच हट्ट. फेरारीने १९५७ च्या टेस्टा रोसाची कव्हरं लाल रंगवली आणि गाडीला नावही त्यावरूनच पडलं. तुला दोन्ही हवंय, तर त्यांची सीमारेषा धारदार आली पाहिजे. सगळं काम त्या रेषेत आहे.

कव्हर आधी रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने धू. कुणी कॉस्टिकच्या पाण्यात बुडव म्हणेल, त्याचं ऐकू नकोस. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. आतल्या बाजूला तेल अडवणारा पत्रा असतो. तो न काढता सँड ब्लास्टिंगला देऊ नकोस. त्याच्यामागे अडकलेली रेती पुढे तेलातून बेअरिंगपर्यंत जाते, आणि मग लाल कव्हराखाली इंजिनच उघडायची पाळी येते. गॅस्केट बसतं त्या कडेलाही पॉलिश पेपर लावायचा नाही. आणि हौसेच्या भरात ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासशील तर आरटीओत उत्तरं देत बसशील.

अॅल्युमिनियम उघडं पडलं की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो, म्हणून साधा प्रायमर नको, एचिंग प्रायमर घे. त्यावर इंजिनसाठीचा, उष्णता सोसणारा रंग. डबा वीतभर लांब धर आणि हात चालता ठेव. दाट एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन बरे. पाऊस चालू असताना मारू नकोस. आपल्या मुळशीच्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

रंग कडक झाला की खरी मजा. सपाट लाकडी ठोकळ्याला ३२० चा पेपर ताणून गुंडाळ आणि अक्षरांवरून एकाच दिशेने ओढ. बोटांनी घासलंस तर बोट खोलगट भागात शिरतं आणि कडेचा रंग खरवडला जातो. ठोकळा मात्र फक्त माथ्यालाच लागतो. आधी लाल धूळ येईल, मग प्रायमरची, मग एकदम पांढरी रेघ उमटेल. तिथून पाण्याने भिजवून ६०० आणि १०००. मशीनचा मॉप या टप्प्यावर लावूच नकोस. तो कड पकडून रंग सोलतो आणि पॉलिशची काळी मळी लालावर फासतो.

आरशासारखी चमक मला विचारशील तर नकोच. १००० च्या पेपरची सरळ, बारीक रेघ जास्त देखणी दिसते, आणि मंद पडली की पुन्हा दोन हात मारता येतात. वरून लॅकरही नको. गुळगुळीत धातूवर त्याची कड सुटते, खाली ओल शिरते आणि पांढऱ्या दोऱ्यांसारखा गंज पसरतो. मेण चोळायचं, बास.

मास्क मात्र लाव. बफिंगच्या गाळ्यांत नाकाला रुमाल बांधून काम करणारी पोरं मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली, त्यांच्या खोकल्याचा आवाज अजून ओळखू येतो. अॅल्युमिनियमची कोरडी धूळ पेटतेसुद्धा; लोखंड घासायच्या ग्राइंडरवर ती साचू देऊ नकोस.

बसवताना गॅस्केट नवं घे. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, छोट्या पान्यानेच आवळ. जोर केलास तर आटे जातील, आणि जुनं गॅस्केट परत घातलंस तर तेल त्या लाल रंगावरूनच ओघळेल. ३२० चे पेपर माझ्याकडे पडलेत, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
मामा