झरे आणि उपसा

औंढा नागनाथच्या एका परिचितांनी फोनवर फिरणारा मजकूर मला पाठवला: ‘वरचं वातावरण थंड होत चाललंय, हे शास्त्रज्ञच सांगतात. मग तापमानवाढीचा बाऊ कशाला?’ पहिलं वाक्य खरं आहे. म्हणूनच दुसऱ्याचा मला राग आला. खऱ्याच्या आडून खोटं शिरलं की ते चटकन उपटता येत नाही. आणि इथे वरच्या हवेबद्दलच्या ज्या विचाराचा बळी गेला, तो घडायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला आहे.

मार्कोनीचा १९०१ चा अटलांटिकपारचा रेडिओ संदेश, तो परतवणारा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, वरच्या हवेत असावा हा केनेली-हेविसाइड यांचा तर्क, तो पडताळणारे ॲपलटनचे प्रयोग, इथून तो विचार सुरू होतो. १९३१ मध्ये चॅपमननं आयनांबराचं गणित मांडलं: सूर्याचे किरण हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात, सूर्य जितका माथ्यावर तितके इलेक्ट्रॉन जास्त. शंभरेक किलोमीटरवरच्या थरानं हे गणित बरंचसं पाळलं. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या एफ थरानं मात्र पाळलं नाही. समशीतोष्ण पट्ट्यात, हिवाळ्यातल्या दुपारी, सूर्य कललेला असताना तिथे उन्हाळ्यापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन सापडू लागले. त्याला नाव पडलं ‘विसंगती’. म्हणजे नियम ठीक, आकाशच चुकलेलं!

पुढे जे झालं ते चॅपमनच्या सिद्धांताला लावलेलं ठिगळ होतं, असं सांगण्याची पद्धत आहे. मला ते मुळीच पटत नाही. तिथे प्रश्नच बदलला. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, विहिरीत पाणी किती हे एकट्या झऱ्यांवर ठरत नाही, उपशावरही ठरतं. तोवर सगळ्यांचं लक्ष झऱ्यांवर, म्हणजे सूर्यावर होतं. आता उपसा कोण करतं, हे विचारलं गेलं.

एफ थरात इलेक्ट्रॉन मिळतात ते मुख्यतः सुट्या ऑक्सिजन अणूंपासून. इलेक्ट्रॉन गमावलेला असा एकटा अणू तो परत पकडण्यात फार मंद असतो. पण त्याची गाठ नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूशी पडली, तर विद्युतभार नव्या रेणूकडे जातो. तो रेणू इलेक्ट्रॉन झटकन गिळतो आणि फुटतो. ऑक्सिजनचे अणू म्हणजे झरा, रेणू म्हणजे मोट. चुंबकीय वादळात इलेक्ट्रॉन घटतात, ते रेणूंचं प्रमाण वाढल्यामुळे असावं, असं सीटननं १९५६ मध्ये सुचवलं. १९६१ मध्ये हेन्री रिशबेथ आणि सी. एस. जी. के. सेट्टी या दोघांनी सूर्योदयाच्या वेळी एफ थर कसा भरत जातो हे तपासलं आणि हिवाळ्याच्या कोड्याचं उत्तर हवेतल्या घटकांच्या प्रमाणात शोधलं. पुढे चित्र स्पष्ट झालं: उन्हाळ्याच्या गोलार्धात हवा वर चढते आणि नायट्रोजन वर आणते. हिवाळ्याच्या गोलार्धात ती उतरते, तिथे अणूंचा वाटा वाढतो आणि उपसा मंदावतो.

इतक्या विरळ हवेत कोणता वायू किती, यानं काय फरक पडतो, असं वाटेल.  तरीही तीनशे किलोमीटरवर रेणूंचा हिशेब चुकला की आयनांबराचा हिशेब चुकतो.

एक मात्र मान्य करायला हवं. आमच्या हिंगोलीच्या माथ्यावर निव्वळ हवेतल्या घटकांचं राज्य नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना वर उचलतं आणि ते दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडची त्यांची रास अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडते, आपण मधल्या उतारावर आहोत. पण म्हणून सगळं पुन्हा सूर्याच्या नावावर चढवता येत नाही.

आता त्या मजकुराकडे येतो. १९८९ मध्ये रोबल आणि डिकिन्सन यांनी गणित केलं: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर सर्वांत वरचा थर सुमारे ५० अंशांनी थंड होईल. पुढच्याच वर्षी रिशबेथनं, त्याच रिशबेथनं, सांगितलं की मग एफ थराचा माथा १५ ते २० किलोमीटर खाली येईल. खालच्या दाट हवेत हा वायू जमिनीची उष्णता अडवून परत खाली धाडतो. वर हवा इतकी विरळ की ऑक्सिजन अणूंच्या टकरीतून मिळालेली ऊर्जा तो उत्सर्जित करतो आणि ती थेट अवकाशात निघून जाते. तोच वायू खाली पांघरूण होतो आणि वर उष्णता बाहेर टाकतो. औद्योगिक युगाआधी दहा लाखांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे.

पृथ्वी सूर्यामुळे तापत असती, तर वरची हवाही तापली असती. खाली ऊब आणि वर थंडी, ही जोडगोळी सूर्याला जमत नाही. त्या परिचितांनी पुरावा म्हणून जे पाठवलं, ते तापमानवाढ माणसानं केल्याची साक्ष आहे. ती साक्ष वाचता येते, कारण साठ वर्षांपूर्वी कोणीतरी झऱ्यावरची नजर काढून उपशाकडे पाहिलं. आणि ही थंडी निरुपद्रवीही नाही: थंड होताना वरची हवा आकसते, उपग्रहांच्या उंचीवर विरळ होते, आणि निकामी उपग्रहांना खाली ओढणारी पकड सैल पडते. हे मी त्यांना लिहून पाठवलं आहे.