सरासरीत न बसणारी माणसे

भाषेच्या यंत्राला नीतीचा प्रश्न विचारला की उत्तर इतके समतोल येते की ते कुठल्या एका समाजाचे असेल अशी शंकाही येत नाही. २०२४ साली ‘पीएनएएस नेक्सस’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासाने हे तपासले. आयुष्यात देवाला किती महत्त्व, गर्भपात समर्थनीय आहे का, बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो का, असे जागतिक मूल्य-सर्वेक्षणातले प्रश्न जीपीटी या भाषा-यंत्राच्या पाच आवृत्त्यांना विचारले गेले. उत्तरे इंग्रजीभाषक आणि प्रॉटेस्टंट युरोपीय देशांच्या जवळ गेली. सहिष्णुता, व्यक्तिस्वातंत्र्य ही मूल्ये चांगलीच आहेत, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. मलाही ती मोलाची वाटतात. पण ती कारणांसह समोर आली तर त्यांच्याशी वाद घालता येतो. तटस्थतेच्या नावाने आली की तो घालायचा कुणाशी?

‘अमुक देशातल्या माणसासारखे उत्तर दे’ असे सांगितल्यावर नव्या आवृत्त्यांत ७१ ते ८१ टक्के देशांबाबत यंत्राची उत्तरे आणि तिथल्या लोकांची उत्तरे यांतले अंतर घटले, असेही त्या अभ्यासात आहे. हा उपाय मला अधिक धोक्याचा वाटतो. देशाच्या सरासरीत प्रचलित मताचेच वजन जास्त. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले; ते घडवणारे आंबेडकर त्या काळच्या कुठल्या सरासरीत बसले असते? ते याच समाजातले होते आणि त्याच्या नीतीचे कठोर टीकाकारही. त्यांच्या आधी जोतीराव फुलेही तसेच. यावर, मग सगळीच मते खरी मानायची का, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. महाडची बाजू न्याय्य ठरते ती तिच्या कारणांमुळे, आणि म्हणूनच यंत्राने ‘भारतीय मत’ म्हणून एकच कौल न देता हा आतला वाद कारणांसकट वाचकापुढे ठेवायला हवा.